मजबुरी कोणाची होती? अण्णांनी पाठवलेल्या एका फॉरवर्डला उत्तर

रविवारी सकाळी अण्णांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. ते रोजच टाकतात, हळदीचं दूध, गुडघेदुखी, नासाने काय शोधलं वगैरे, मी उघडतसुद्धा नाही. पण हा माझ्या भाचीने उचलला. ती अकरावीत आहे, येत्या शनिवारी तिची वक्तृत्व स्पर्धा आहे, विषय ‘कलावंताची जबाबदारी’, आणि आजोबांनी तिला आयतं भाषण पाठवलं. तिने फोनवर मला अख्खं म्हणून दाखवलं, आवाजात चढउतार बिढउतार सगळं, आणि शेवटी विचारलं, मामा कसं झालं? मी म्हटलं झकास झालं, पण त्यात खरं काय आहे ते शोधावं लागेल.

‘जगाने असा न्याय केला!’ असं त्या मेसेजचं नाव. ज्यांना अजून आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हिटलरसाठी खोटे सिनेमे काढणाऱ्या सगळ्या दिग्दर्शकांना न्युरेंबर्गला फाशी झाली. लेनी रीफेनश्टाल नावाची बाई वीस वर्षं तुरुंगात सडली आणि तिने परत कधी कॅमेरा हातात धरला नाही. ‘युड झ्यूस’ हा विषारी सिनेमा काढणाऱ्या फाइट हार्लानला जन्मठेप झाली. एका सिनेमासाठी १,८७,००० सैनिक आघाडीवरून काढून आणले म्हणून जर्मनी हरली. एका ज्यू दिग्दर्शकानेच पैसे खाऊन छळछावणीची जाहिरात केली. आणि हे सगळे सिनेमे जाळून टाकले, आज एकही कॉपी नाही. खाली हात जोडलेले दोन इमोजी आणि ‘इतिहास कोणालाही माफ करत नाही’.

गंमत म्हणजे हाच मेसेज मला याआधी दोन ग्रुपवर आला होता, आणि ते दोन्ही ग्रुप एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पार्ट्यांचे आहेत. दोघांनाही वाटतंय की समोरच्याचा हिशोब होणार. बसा वाट बघत.

आधी फाशीचं. युद्ध संपल्यावर नाझी पुढाऱ्यांवर न्युरेंबर्गला जो मुख्य खटला चालला त्यात १२ जणांना फाशीची शिक्षा झाली. त्यात मंत्री आहेत, सेनापती आहेत, जिंकलेल्या मुलखांचे कारभारी आहेत, सिनेमावाला एक नाही. प्रचारवाला म्हणाल तर एकच, युलिउस श्ट्राइखर, आणि तो ज्यूद्वेषाचं साप्ताहिक काढायचा, सिनेमा नाही. रेडिओवर रोज बोलणारा हान्स फ्रिट्शे तिथे निर्दोष सुटला, मग जर्मन कोर्टाने त्याला नऊ वर्षं दिली आणि १९५० मध्ये तो बाहेरही आला. सिनेमाखातं ज्याच्या मुठीत होतं तो हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स १ मे १९४५ लाच बर्लिनच्या बंकरमध्ये सहा पोरांना विष देऊन बायकोसकट मेला होता. उलट न्युरेंबर्गच्या कोर्टात पडदा लावून नाझींच्याच फिल्मांचे तुकडे पुरावा म्हणून दाखवले, त्यात रीफेनश्टालबाईंची रिळंही होती. म्हणजे सिनेमा कोर्टात आला, बाई आल्या नाहीत.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. फ्रान्समध्ये एकाला खरंच गोळ्या घातल्या. झाँ मामी त्याचं नाव, १९४३ मध्ये त्याने फ्रीमेसन (एक गुप्त मंडळ) आणि ज्यूंविरुद्ध एक प्रचारपट केला होता, २९ मार्च १९४९ ला त्याला मृत्युदंड दिला. पण त्याने नुसता सिनेमा नव्हता केला, प्रतिकार चळवळीतल्या माणसांची नावंही जर्मनांना कळवली होती. इटलीत ओस्वाल्दो वालेंती आणि लुईझा फेरिदा या नट-नटीच्या जोडीला फॅसिस्टविरोधी बंडखोरांनी ३० एप्रिल १९४५ ला मिलानमध्ये रस्त्यावर उडवलं, ती गरोदर होती, आणि तो काही धड खटला नव्हता. तर ‘कोणालाच काही झालं नाही’ असं मी म्हणत नाहीये. पण ‘सगळ्यांना झालं’ ही थाप आहे, आणि जो सगळ्यात मोठा होता त्याच्या बाबतीत तर पार उलटं आहे.

तो म्हणजे हार्लान. अठराव्या शतकात व्युर्टेम्बर्गच्या ड्यूककडे पैशाचा कारभार बघणारा योझेफ झ्यूस ओपनहायमर नावाचा खरा माणूस होता, ड्यूक मेल्यावर त्याला १७३८ मध्ये फासावर चढवलं, त्याची गोष्ट उचलून हार्लानने १९४० मध्ये ‘युड झ्यूस’ हा असा सिनेमा काढला की बघून बाहेर पडणाऱ्याला वाटावं ज्यू गावात आला की लेकीसुनांना धोका. आणि वाईट हे की सिनेमा कंटाळवाणा नाहीये. त्याच वर्षी दुसरा एक प्रचारपट आला होता, उंदरांचे थवे आणि ज्यू असं आलटून पालटून दाखवणारा, तो लोकांनी फारसा बघितला नाही, किळस आली. हार्लानचा मात्र सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिला, कारण त्यात नट तगडे, प्रेमकथा, अश्रू, सगळा मसाला. सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) सीनमधली गर्दी प्रागहून आणलेल्या खऱ्या ज्यू माणसांची आहे. ३० सप्टेंबर १९४० ला हिमलरने हुकूम काढला की त्याच्या हाताखालच्या एसएस या नाझी फौजेने आणि पोलिसांनी त्या हिवाळ्यात हा सिनेमा बघितलाच पाहिजे. पुढे साठच्या दशकात फ्रँकफर्टला आउशवित्झ या नाझींच्या मृत्युछावणीचा खटला चालला तेव्हा तिथल्याच एका गार्डने कोर्टात सांगितलं की असले सिनेमे आम्हाला दाखवायचे आणि मग कैद्यांना काय भोगावं लागायचं.

आता या माणसाला जन्मठेप झाली का? हॅम्बर्गमध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा खटला चालला, १९४९ च्या एप्रिलमध्ये तो सुटला आणि बाहेर लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. खांद्यावर! चार वर्षं झाली होती युद्ध संपून. वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द केला, परत खटला चालवा म्हणून सांगितलं, १९५० च्या एप्रिलमध्ये परत सुटला. खटल्याचे न्यायाधीश वाल्टर टिरोल्फ हे नाझी काळात त्याच हॅम्बर्गच्या खास कोर्टात सरकारी वकील होते आणि किरकोळ गुन्ह्यांसाठी लोकांना देहदंड मागत होते. हे वाचून मी मोबाईल बाजूला ठेवून जरा गॅलरीत जाऊन आलो.

मी हे मनाने सांगत नाहीये. जर्मनीच्या घटना न्यायालयाचा १५ जानेवारी १९५८ चा एक निकाल आहे, ल्यूट निकाल म्हणतात, तिकडे कायदा शिकणाऱ्या प्रत्येक पोराला तो वाचावाच लागतो, आणि हार्लानची सगळी कुंडली त्यात मांडून ठेवलीय. त्यात स्पष्ट येतं की हॅम्बर्गच्या दुसऱ्या निकालाने हार्लानला ‘तू काही केलं नाहीस’ म्हणून सोडलं नव्हतं. गुन्हा घडला, जाणूनबुजून घडला, इथपर्यंत कोर्ट आलं होतं. सोडलं ते मजबुरीच्या मुद्द्यावर, की गोबेल्सला नाही म्हटलं असतं तर याच्या जिवाला धोका होता.

मजबुरी. हा शब्द धरून ठेवा, पुढे लागणार आहे. मजबुरीत हार्लानला १९४३ मध्ये प्रोफेसर ही पदवी मिळाली. मजबुरीत त्याने रंगीत सिनेमे केले, तेव्हा जर्मनीत रंगीत फिल्म म्हणजे सोन्याच्या भावाची गोष्ट होती, आणि जवळपास सगळ्यांत हिरॉईन त्याची बायको. असली मजबुरी कोणाला नको असेल हो.

हा ल्यूट म्हणजे एरिष ल्यूट, हॅम्बर्ग सरकारचा प्रसिद्धी अधिकारी. १९५० मध्ये हार्लानचा नवीन सिनेमा येणार म्हटल्यावर हा म्हणाला की थिएटरवाल्यांनी तो लावू नये आणि सभ्य माणसांनी बघू नये. तर काय झालं? निर्माते कोर्टात गेले आणि कोर्टाने बंदी घातली, कोणावर, तर ल्यूटवर! हे असं बोलायचं नाही म्हणून. तो माणूस सात वर्षं भांडला आणि मग घटना न्यायालयाने सांगितलं की त्याला हे बोलायचा हक्क आहे. जर्मनीतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आज ज्या निकालावर उभं आहे तो निकाल हा. आणि या सात वर्षांत ‘जन्मठेप’ भोगणारे हार्लानसाहेब काय करत होते? सिनेमे. सहा-सात तरी. १९५४ चा एक तर ‘महाराजाची बंदिनी’ अशा नावाचा आहे, हत्तीबित्ती असतील, बघायची माझी इच्छा नाही. १९६४ मध्ये ते काप्रीला वारले. काप्री हे इटलीतलं बेट आहे, लोक हनिमूनला जातात.

(हिंदुस्थानचा विषय निघालाच तर, मालाडच्या बॉम्बे टॉकीजचे जर्मन दिग्दर्शक फ्रांझ ओस्टेन, ‘अछूत कन्या’वाले, हे नाझी पक्षाचे सभासद होते. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी त्यांना पकडून स्थानबद्ध केलं आणि नंतर जर्मनीला जाऊ दिलं. आणि प्रचार फक्त जर्मनच करायचे असंही नाही, इंग्रज सरकारने १९४० मध्ये मुंबईत युद्धप्रचाराच्या फिल्मसाठी बोर्ड काढलं, त्याचे मुख्य निर्माते काही काळ आपले व्ही. शांताराम होते, पुढे सोडलं त्यांनी. उंदीर आणि ज्यू दाखवणं आणि हे एकाच मापात मोजायचं नाही, पण फॉरवर्डवाल्याला हे माहीत असण्याची शक्यता शून्य म्हणून सांगितलं.)

‘युड झ्यूस’च्या नटांचंही असंच लॉटरीसारखं. झ्यूसची भूमिका करणारा फर्डिनांड मारियान १९४६ मध्ये गाडीच्या अपघातात गेला. ड्यूक झालेला हाइनरिष गेओर्ग रशियनांच्या हाती लागला आणि त्याच वर्षी त्यांच्या झाक्सनहाउझनच्या छावणीत मेला, तीच जागा जिथे आधी नाझींची छावणी होती. आणि वेर्नर क्राउस, ज्याने त्या सिनेमात एकट्याने अनेक ज्यू पात्रं वेडीवाकडी तोंडं करून रंगवली, त्याला काही वर्षं काम करायला बंदी आणि मग १९५४ मध्ये पश्चिम जर्मनीचा सरकारी सन्मान. जिंकलेल्या देशांपैकी कोणाच्या झोनमध्ये सापडलात त्यावर सगळं.

आता रीफेनश्टालबाई. वीस वर्षं तुरुंग नाही. आधी अमेरिकन मग फ्रेंच, अटक, नजरकैद, मध्ये काही महिने मनोरुग्णालय, असं करत तीनेक वर्षं, आणि तेही चौकशी चालू म्हणून, शिक्षा म्हणून नाही. नंतर नाझी काळात कोणी काय केलं ते तपासणाऱ्या समित्यांपुढे सुनावण्या झाल्या आणि शेवटचा शिक्का बसला ‘मिटलॉयफर’, म्हणजे नुसती मागनं चालणारी. आपल्याकडे म्हणतात ना, वरातीत होतो पण नाचत नव्हतो. अहो, ही बाई त्या वरातीचा बँड होती! १९३४ चा नाझी पक्षाचा न्युरेंबर्गचा मेळावा तिने असा शूट केला की आजही कोणाला हुकूमशहाचा मेळावा दाखवायचा असला की तीच फ्रेम आठवते.

कॅमेरा परत धरला नाही हे तर विनोदीच आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला ती फोटो काढत होती. सुदानच्या नुबा लोकांच्या फोटोंची तिची पुस्तकं जगभर विकली गेली. सत्तरी उलटल्यावर वय खोटं सांगून पाण्याखाली डायव्हिंग शिकली, आणि २००२ मध्ये, शंभराव्या वर्षी, समुद्राखालची फिल्म आणली. १०१ वर्षांची होऊन गेली.

पण मला तिच्याबद्दल वेगळंच सांगायचंय, जे या फॉरवर्डमध्ये नाहीच. युद्धाच्या काळात ती ‘टीफलांड’ नावाचा सिनेमा करत होती, गोष्ट स्पेनमधली, मग स्पॅनिश दिसणारी माणसं हवीत. तिला ती मिळाली छावण्यांमध्ये. १९४० मध्ये झाल्झबुर्गजवळच्या माक्सग्लानमधून, १९४२ मध्ये बर्लिनच्या मार्त्झानमधून, रोमा आणि सिंती लोक, ज्यांना जिप्सी म्हणायचे, बायका, माणसं, लहान पोरं, शंभराच्या वर. शूटिंग झालं की परत छावणीत. त्यातल्या कितीतरी जणांना नंतर आउशवित्झला पाठवलं. सिनेमा १९५४ मध्ये रिलीज झाला, म्हणजे पडद्यावर तुम्ही जी पोरं हसताना बघता त्यातली किती तेव्हा जिवंत होती देव जाणे. आणि २००२ मध्ये बाई मुलाखतीत म्हणाल्या की त्या सगळ्यांना आम्ही युद्धानंतर भेटलो, एकालाही काही झालं नाही. कोलोनच्या रोमा संघटनेने तक्रार केली, विधान मागे घ्यावं लागलं, चौकशी सुरू झाली आणि बंदही झाली. बस, एवढंच.

ते १,८७,००० सैनिक पटकन उरकतो. सिनेमा ‘कोलबर्ग’, परत हार्लानच, आणि आकडा कुठून आला माहितीये? हार्लानच्याच आत्मचरित्रातून. म्हणजे ज्याला फॉरवर्डने वर जन्मठेपेत टाकलं त्याचीच बढाई खाली पुरावा म्हणून वापरली. इतकी माणसं म्हणजे डझनभर डिव्हिजन झाल्या, तेवढी पडद्यावरही दिसत नाहीत आणि इतिहासकार हा आकडा मानत नाहीत. हां, शेवटच्या शेवटच्या काळात खरे सैनिक आणि ८५ लाख मार्क यात घातले हे खरं आहे आणि तेवढा वेडेपणा पुरेसा आहे. प्रीमियर ३० जानेवारी १९४५, आणि ‘आम्ही शरण जाणार नाही’ असं ज्या गावाबद्दल सिनेमात ओरडून सांगितलंय ते खरं कोलबर्ग मार्चमध्ये पडलं. जर्मनी हरली ती यामुळे नाही.

सिनेमे जाळले हेही नाही. वीसबाडेनच्या मुर्नाऊ फाउंडेशनकडे ते आहेत, चाळीसेक सिनेमे राखीव यादीत, दाखवायचे तर आधी कोणीतरी जाणकाराने माहिती द्यायची आणि नंतर चर्चा घ्यायची अशी अट.

आता तो मुद्दा ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. ‘एका ज्यू दिग्दर्शकानेच पैसे खाऊन छळछावणीची जाहिरात केली.’ माझी भाची हे वाक्य स्टेजवर बोलणार होती. नाव फॉरवर्डमध्ये नाही, पण माणूस एकच असू शकतो, कुर्ट गेरोन.

गेरोन बर्लिनचा स्टार होता. अगडबंब देह, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढताना जखमी झालेला, ‘द ब्लू एंजल’मधला जादूगार तो हाच. १ एप्रिल १९३३ ला चालू शूटिंगमधून ज्यू म्हणून त्याला सेटवरून हाकलला. पॅरिस, व्हिएन्ना, मग हॉलंड, आणि हॉलंडमध्ये जर्मन आलेच. वर मी उंदरांच्या ज्या प्रचारपटाबद्दल बोललो ना, त्यात याच्या जुन्या सिनेमाचा तुकडा घातलाय, बघा ज्यू कसे असतात म्हणून. नंतर आधी हॉलंडमधली वेस्टरबोर्कची छावणी, मग १९४४ च्या सुरुवातीला तेरेझिनश्टाट, आजच्या चेक देशातलं तेरेझिन.

तेरेझिनश्टाट ही दाखवायची छावणी. २३ जून १९४४ ला रेड क्रॉसवाले बघायला येणार होते, तर गर्दी कमी दिसावी म्हणून मे महिन्यात सुमारे ७,५०० माणसं आउशवित्झला पाठवून दिली, भिंती रंगवल्या, फुलझाडं लावली. पाहुणे आले, बघितलं, गेले. मग एसएसला वाटलं, सेट उभाच आहे तर फिल्म पण करून घेऊ. आणि कैद्यांमध्ये एक नामांकित दिग्दर्शक होता. १६ ऑगस्ट ते ११ सप्टेंबर शूटिंग, कॅमेरा प्रागच्या एका न्यूजरील कंपनीचा. त्याचे तुकडे आज बघायला मिळतात. बराकीच्या चौकात फुटबॉलची मॅच, भोवतीच्या कमानींमध्ये दाटीवाटीने उभे प्रेक्षक. वाचनालय. भाजीचे वाफे. लोणी लावलेला ब्रेड खाणारी पोरं. त्या ब्रेड खाणाऱ्या पोरांवर मी व्हिडिओ थांबवला, पुढे बघवेना.

२८ सप्टेंबरपासून गाड्या सुटायला लागल्या. महिन्याभरात ११ गाड्या, सुमारे १८,००० माणसं, फिल्ममध्ये काम केलेली कितीतरी त्यातच. २८ ऑक्टोबरची शेवटची, तिच्यात गेरोन. आउशवित्झला त्याला मारलं. फिल्मचं एडिटिंग त्याच्याशिवाय झालं, आणि ती पुरी होईपर्यंत दाखवायला जगच उरलं नव्हतं, एप्रिल १९४५ मध्ये रेड क्रॉसच्या काही लोकांना दाखवली तेवढंच.

तर कसले पैसे? कैद्याला पैसे? छावणीत काही कैद्यांना त्याचा राग होता हे खरं आहे, वाचलेल्यांनी तसं सांगितलंय, आणि त्यांना राग यायचा हक्क होता, ते तिथे होते. गेरोनला स्वतःलाही हे काम करताना थोडं परत जिवंत झाल्यासारखं वाटलं असेल, सेट, लाइट, माणसं आपलं ऐकतायत, मी नाही म्हणणार नाही. पण आपण, चहा पिता पिता, हार्लान आणि गेरोन एका यादीत घालायचे? हार्लानला कोर्टाने मजबुरीचा फायदा दिला, आणि त्या मजबुरीच्या काळात तो प्रोफेसर झाला. गेरोनच्या दारात एसएस उभी होती, मागे बायको होती, आणि त्याला व्हॉट्सअपवर मजबुरीचा एक टक्का मिळत नाही. उलट पैसे खाल्ले म्हणे. ज्याने कोणी हे वाक्य टाइप केलं त्याने ज्याला नाझींनीच मारलं त्या माणसाला आरोपी केलं आणि सुटलेल्यांना काल्पनिक फाशी दिली, आणि लोक खाली हात जोडतायत.

भाचीला मी हे सगळं पाठवलं. ती म्हणाली मामा सात मिनिटंच आहेत, मी फक्त हार्लान आणि गेरोन घेते, बाकीचं राहू दे. मग म्हणाली उच्चार लिहून दे. दिले.

अण्णांना फोन केला. ते आधी म्हणाले, अरे पण मेसेजमागची भावना चांगली होती. मी सांगत गेलो, ते हं हं करत राहिले, मला वाटलं टीव्ही बघतायत. मग मध्येच विचारलं, त्या जाड्या माणसाची बायको पण त्याच गाडीत होती का रे? होती म्हटलं. ओल्गा तिचं नाव. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग आई जेवायला बोलावतेय म्हणून फोन ठेवला.

रात्री ग्रुप उघडला. फॉरवर्ड तसाच आहे, त्याखाली अण्णांनी नवीन टाकलाय, मेथीदाण्याचा.